आप्पांचं अळणी

३ सप्टेंबर
आईला जाऊन आज महिना झाला. नंदाने पनवेलहून सकाळीच फोन करून आठवण दिली, जसा काही तिचा भाऊ विसरलाच असता. विसरलो नव्हतो. पण आठवलंही नव्हतं. दोन्हीच्या मधलं काहीतरी.

स्वयंपाक आता हाताला बसलाय. वरण शिजलं की आधी आप्पांची वाटी काढायची, मग उरलेल्यात मीठ. भाजीचं तेच. सुतकात आमच्या घरात सगळ्यांनाच अळणी असतं. तेराव्याला गोड झालं, सगळे मिठावर आले, आप्पा आले नाहीत. "माझं वर्सभर असंच ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले. उभं आयुष्य भाईंदरच्या मिठागरावर मुकादमी केलेला माणूस. घरात मीठ कधी विकत आलं नाही आमच्या. वर्षभर का, म्हणून मी विचारलं नाही. जिवावर आलं.

"सावरलास का?" सगळे विचारतात. समोरच्या जिग्नाबेन, क्लासचे मालक, किराणावाला. पडलोच नाही तर सावरू काय?

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. क्लासमध्ये पोरांनी पेन दिलं, केक कापला. मग अकरावीला समस्थिती घेतली. बाहेर काही होवो, आतलं जवळपास होतं तसं ठेवायचं, हा शरीराचा उद्योग. आत कुणीतरी सतत चाचपत असतं. रक्त तापलं का, गोड झालं का, पातळ झालं का. बातमी मेंदूकडे, मेंदूचा हुकूम बाहेर. घाम काढ. थरथर. तहान लाव. मूत्रपिंडाला सांग, पाणी धर, मीठ सोडू नको. आपल्याला यातलं काही कळत नाही, कळावं अशी अपेक्षाही नाही.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग ताप येतो तेव्हा बॉडी फेल होते का?" चांगला प्रश्न. म्हटलं, नाही, तेव्हा शरीर स्वतःच आपली खूण वर सरकवतं. चढलेला ताप हेच त्याला नॉर्मल वाटतं. म्हणून ताप चढताना थंडी वाजते.

वर्षानुवर्षं हीच वाक्यं. तोंड आपलं आपण चालतं, मी मागे उभा असतो.

१२ सप्टेंबर
पेणहून आत्या आली होती. आप्पांचं ताट बघून पदर डोळ्याला. "असा नवरा मिलाया भाग्य लागतं बायचं." मग गावी फोन लावून तिघाचौघांना सांगितलं. आप्पा मान खाली घालून जेवत होते. स्तुती आवडली की नाही, कळलं नाही.

मी हल्ली वेगळं काढत नाही. सगळं भांडंच अळणी ठेवतो. दोन दोन करायचा कंटाळा. पहिल्या दिवशी वाटलं, लोणचं घेऊ तोंडी लावायला, तर उठायचाही कंटाळा आला. आता फरक कळत नाही. जेवणात राम नाही म्हणतात तसं, पण राम आधी तरी कुठे होता.

२० सप्टेंबर
गेटवर उत्तनची रोझीबाई भेटली. आईला वीस वर्षं मासळी देणारी. टोपली खाली ठेवून म्हणाली, "तुजं आप्पा बरं हाय ना? खाली दिसत न्हाय." खरंच, बरेच दिवस खाली गेले नाहीत. रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूला मिठाच्या जुन्या आगरांकडे एक फेरी असायची. विचारलं तर म्हणाले, "अंगान न्हाय रे काय." ऑक्टोबर लागला की जाईन, म्हणाले. उन्हाळ्यात, पावसात जाणारा माणूस.

बोंबील घेतले. अळणी बोंबील. दोघांनी खाल्ले.

२८ सप्टेंबर
आप्पांना मळमळतंय. दिवसभर खुर्चीत. टीव्ही चालू, बघत नाहीत. चहा दिला तर हातात धरून बसतात, गार होईपर्यंत. चालताना भिंतीचा आधार.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी तपासलं, छान आहे म्हणाले. वर्षभर चाललेली बीपीची गोळी तशीच चालू. तीच ती, जिने लघवीला जास्त होतं. "वय आहे, त्यात मिसेस गेल्या. वेळ द्या." ताकदीची गोळी दिली. अळणीचं मी बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. ते आमचं घरातलं होतं.

नंदा फोनवर, "दादा, त्यांना दुःख आहे रे. तुझ्यासारखं नाही सगळ्यांना जमत." तुझ्यासारखं म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

४ ऑक्टोबर
उकाडा. पंखा फिरतोय, वारा नाही. आप्पांचा बनियन पिळून काढावा असा. तांब्यावर तांब्या पाणी पितायत. पूर्वी मुतखडा झाला होता तेव्हा कुणीतरी सांगितलं, भरपूर पाणी प्या. तो हुकूम अजून पाळतात. मी पण म्हणतो, प्या. घाम जातोय तर प्यायला नको?

दुपारी मला "रघ्या" म्हणाले. रघुनाथकाका, त्यांचा भाऊ, गेला त्यालाही जमाना झाला. मग विचारलं, "तुजी आय बाजारान गेली का?"
मी "हो" म्हणालो. तेच सोपं होतं. मग पोळ्या करायला घेतल्या.

९ ऑक्टोबर
सकाळी बाथरूममध्ये पडले. आवाज ऐकून गेलो तर अंग ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. हाका मारल्या, ओ नाही. जिग्नाबेन आणि त्यांचा नवरा धावत आले. "भाई, पग पकडो, पग. माथा मैं संभालती हूँ." लिफ्टमध्ये आप्पांना उभं धरलं तिघांनी. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. इतके जवळ ते माझ्या लहानपणीही आले नसतील.

घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात तपासण्या. तासाभराने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, एकशे बारा; हवं एकशे पस्तीसच्या वर. मला आकडा कळला. असा आकडा मी फक्त प्रश्नपत्रिकेत घालतो, पोरं घाबरावीत म्हणून.

"अंकल जेवणात मीठ खातात ना नीट?"
"नाही."
"कमी खातात?"
"खातच नाहीत. ऑगस्टपासून."
लिहिता लिहिता थांबली. रागावेल वाटलं. नाही रागावली. "आणि ही बीपीची गोळी? आणि पाणी?" सगळं सांगितलं. सांगताना मलाच ऐकू येत होतं, एकेक वाक्य. गोळीने मीठ बाहेर. ताटातून आत शून्य. वरून तांब्यावर तांब्या पाणी. दुसरीतला पोरगाही बेरीज करेल.

"तुम्ही काय करता, सर?"
"बायोलॉजी शिकवतो."
ती कागद घेऊन आत गेली. बरं झालं.

१० ऑक्टोबर
आयसीयू. काचेतून बघायचं. आप्पांचे हात बांधलेत, नळ्या ओढू नयेत म्हणून.

नंदा आलीय. "क्लासमध्ये हेच शिकवतोस ना तू?" म्हणाली. हे वाक्य आता सगळ्यांचं बोलून झालं, माझंही. पुढे काय?

मी डॉक्टरिणीला म्हटलं, मीठच कमी आहे तर भरा ना भराभर. ती म्हणाली, "सर, हळू. थेंबाथेंबाने. दोन महिन्यांत मेंदूने या कमी मिठाशी जुळवून घेतलंय. पेशी फुगून फुटू नयेत म्हणून त्यांनी स्वतःतलंच काही काही बाहेर टाकलं. आता आपण एकदम वर नेलं तर त्यांना झेपणार नाही, कायमची इजा होईल. जितक्या हळू खाली गेले, तितक्या हळू वर." हे मला पुस्तकातून माहीत होतं. काचेच्या या बाजूने पहिल्यांदा ऐकलं.

बाकड्यावर बसलो. म्हणजे सगळे म्हणत होते दुःख, दुःख. मळमळ, भिंत धरणं, आईला बाजारात पाठवणं. सगळं आम्ही आईच्या खात्यावर टाकलं आणि मोकळे झालो.

११ ऑक्टोबर
डॉक्टरिणीला मी सहज बोलून गेलो की मीही अळणीच खात होतो. "मग तुमचंही बघू," म्हणाली. रक्त घेतलं.

सोडियम एकशे एकोणचाळीस. बाकीचंही सगळं जागच्या जागी. अगदी पुस्तकातल्यासारखं. "छान आहे, सर. गोळी नाही ना तुम्हाला, म्हणून किडनीने सांभाळून घेतलं. मीठ येत नाही म्हटल्यावर बाहेर सोडलंच नाही."

राग आला. कुणाचा, सांगता येत नाही. महिनाभर घरात मीठ नाही, दोन महिने आई नाही, आणि माझ्या आत कुणीतरी शांतपणे सगळं मोजून-मापून जागेवर ठेवतंय. मला न विचारता. एक आकडा तरी हलायला हवा होता. आईसाठी एवढंही नाही.

जिग्नाबेनने डबा दिलाय. थेपले. भरपूर मीठ. खाल्ले. चव आली, तेवढंच.

१३ ऑक्टोबर
आप्पा बोलले. एकशे चोवीसवर आलेत. मला बघून "पम्या" म्हणाले, रघ्या नाही. नंदा रडायलाच लागली.

मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "तुजी आय?"
या वेळी खरं सांगितलं. आप्पा, आई गेली. ऑगस्टमध्ये.
"माहीत हाय मला," म्हणाले. "तू सांगतोस का बगत व्हतो."

१७ ऑक्टोबर
घरी आणलं. जुनी गोळी बंद, दुसरी दिली. पाण्याला माप. मीठ सगळ्यांसारखं. डॉक्टरिणीने निघताना मला बाजूला घेतलं. या वयात आतली यंत्रणा मंद होते, एकदा घसरली की परत घसरते. मीठ हेच औषध समजा.

नंदाने मनापासून स्वयंपाक केला. वालाचं बिरडं, भात, तळलेली मांदेली. ताट वाढलं, डाव्या बाजूला वर चिमूटभर मीठही. आप्पांनी मिठाला बोट लावून वास घेतल्यासारखं केलं आणि ताट सरकवलं.
"माझं वर्स व्हऊ दे."
"आप्पा, मेला असतात तुम्ही!"
"मेलो न्हाय ना?"
नंदा ओरडली, मग हात जोडले, मग रडली. त्यांनी नुसता भात खाल्ला, दूध घालून. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काहीतरी बोल की रे दगडा." काय बोलू? मी मांदेली खाल्ली. चांगली झाली होती.

१९ ऑक्टोबर
नंदा गेली सकाळी. दुपारी आप्पा आपण होऊन बोलले. मी कपडे घडी करत होतो, म्हणून बहुतेक. समोर बसून ऐकलं असतं तर बोलले नसते.

आईचं हृदय मोठं झालं होतं, मीठ बंद होतं, ते मला माहीत होतं. मिठाचा डबा आप्पांनीच वरच्या फळीवर ठेवला, तिचा हात पोचू नये म्हणून. मी तेव्हा हसलो होतो, मिठागरावरचा पहारेकरी म्हणून. ती अळणी जेवायची आणि समोर बसून आप्पा पापड, सुकट, आंब्याचं लोणचं. "ती म्हनायची, तुमी खा हो, मला वासानच बरं वाटतं."

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात पेज आली. आई म्हणाली, चिमूटभर घाला ना आज. ट्रेमध्ये मिठाची पुडी होती, शेजारच्या पेशंटची. हात लांब केला की मिळेल अशी.
"मी बोललो, बरी झालीस का घालू. ती म्हनली, बरं. रातचीला गेली."
मी घडी केलेला शर्ट परत उलगडून परत घडी केला.
"डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आप्पा. तुम्ही बरोबर केलंत."
"बरोबर केलं ते मला बी समजतं," म्हणाले. "म्हनून तर."

हे माझ्या आत कुठेतरी जाऊन बसलंय. दुखत नाही. पण आहे.

२२ ऑक्टोबर
दिवाळी आमच्याकडे नाही यंदा. घरात तळण नाही. म्हणून शेजारपाजारचे ताटं आणून देतात, दुःखाच्या घरी फराळ पोचवायचा ही रीत. टेबलावर सात घरांच्या चकल्या, चिवडा, शेव. आप्पा फक्त बेसनाचे लाडू उचलतात. गोड कसं चालतं, मी विचारलं. "मिठाचा नेम हाय, साकरंचा न्हाय." साखर त्यांची ठीक आहे, नशीब.

बाहेर फटाके. कबुतरं सगळी आमच्या गॅलरीत येऊन बसली.

२७ ऑक्टोबर
रक्त केलं. घरी सोडताना एकशे चौतीस होतं, आज एकशे एकोणतीस. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "सर, घसरतोय. पंधरवड्याने परत बघू, खाली गेला तर ॲडमिट." भीती वाटली. हे नवीन. बरेच दिवस भीतीही वाटली नव्हती.

मी आज एक केलं. आमटीत मीठ घातलं. अगदी बेताने, आंबट-गूळ जास्त करून. वाढली. पहिल्या घासालाच आप्पांनी माझ्याकडे बघितलं. घास गिळला नाही, टाकलाही नाही, तसाच गालात धरून उठले, मोरीत थुंकले, चूळ भरली. रात्री जेवले नाहीत. मिठाच्या राशीत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला फसवायला निघालो होतो मी.

२८ ऑक्टोबर
सकाळी चहाला आले. म्हणाले, "चोरून नको करू."
"मग काय करू?"
"ते मला नको इचारू."

मग मी त्यांना शिकवलं. पहिल्यांदाच. आजवर त्यांना वाटायचं मी क्लासला बेडूक कापतो. कागदावर मूत्रपिंड काढलं, डोकं काढलं. रक्तात मीठ कमी झालं की आत कसं कळतं, कोण कुणाला सांगतं, मूत्रपिंड मीठ कसं धरून ठेवतं. बांध घातलेल्या आगरासारखं, म्हटलं, भरतीचं किती आत घ्यायचं, किती सोडायचं. ते त्यांना पटलं.

"म्हंजी आत एक मुकादम बसलाय."
"हो, तसाच."
"तुजा हाय जागेवर?"
"आहे. माझा जास्तच जागेवर आहे."
"आनि माझा?"
"त्याला गोळीने झोपवला होता. आता उठलाय, पण म्हातारा झालाय. तुम्ही माल पाठवलात तर सांभाळेल."
बराच वेळ चित्राकडे बघत होते. हुशार विद्यार्थी. मग म्हणाले, "मुकादमाला मालकाचं आयकावं लागतं रे." आणि पेपर उघडला. हात टेकले मी.

२ नोव्हेंबर
रोझीबाई घरी वर आली, पहिल्यांदाच. सुके बोंबील आणि एक सुरमईचा तुकडा, पैसे घेतले नाहीत. आप्पांसमोर खाली बसली.
"आप्पा, आमच्यान बी उपास अस्तो. पन आजारी मान्साला फादर सूट देतो. तुमच्या भटाला इचारा का न्हाय?"
आप्पा हसले. किती दिवसांनी. "भटाचा काय संबंद. मी त्याला सांगून धरला न्हाय."
"मंग देवाला इचारा."
"देवाला बी सांगून न्हाय धरला. जिच्याकडं सूट मागायची ती गेली."
रोझीबाईने बोंबील पुढे सरकवले. मग म्हणाली, तिनं कधी कुणाला नाय म्हटलं नव्हतं. एवढं बोलून टोपली उचलली.

तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. ती म्हणाली, "तू रडलास का न्हाय रे आयसाठी?" नाही म्हटलं. "रडशील," म्हणाली, जसं पापलेट येईल पुढच्या आठवड्यात.

६ नोव्हेंबर
आप्पा दुपारी भिंत धरून चालले. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. हात काढला, सरळ चालले चार पावलं, परत धरली.

क्लासमध्ये आज लक्ष नव्हतं. पोरांना म्हटलं, तुमचं तुम्ही वाचा. मीठ घातलेलं पाणी हातात घेऊन त्यांच्यामागे फिरतोय असं स्वप्न पडलं होतं पहाटे. जबरदस्तीने नळीतून घालता येतं मीठ, डॉक्टरीण घालेल, ते नेमात बसतं का? बसत असावं. बेशुद्ध माणसाला नेम नसतो. म्हणजे आप्पा परत पडायची वाट बघायची. ते मला सहन होणार नाही. लिहितोय तर लिहूनच ठेवतो, आप्पा मला हवे आहेत.

१० नोव्हेंबर
उद्या सकाळी रक्त.

आज दोघं जेवायला बसलो. आप्पांचं ताट अळणी, माझं मिठाचं. मी आता वेगळं करतो परत, लपवत नाही. तुरीचं वरण, भात, वांग्याची भाजी. आप्पांनी दोन घास घेतले आणि थांबले.  बोलून झालंय सगळं. मी आपला भात कालवत होतो.

तर त्यांचा हात आला. माझ्या ताटात. मी कालवलेल्या भाताचा एक घास उचलला, माझा उष्टा, आणि तोंडात घातला. मी हलायचं टाळलं. आप्पा चावत राहिले बराच वेळ.
"हे माझं ताट न्हाय," म्हणाले.
"नाही."
"नेम माझ्या ताटाचा हाय."
"बरोबर आहे, आप्पा."
कोर्टात उभे असल्यासारखे आम्ही दोघं. त्यांनी दुसरा घास घेतला. तो तोंडात असतानाच डोळे भरून आले. "चव हाय रे," म्हणाले, "चव हाय," आणि पंच्यात तोंड खुपसलं. खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मलाही आईची पेज, ती पुडी, सगळं एकदम दिसलं.  

तिसरा घास घेतला नाही त्यांनी. स्वतःचं ताट संपवलं, अळणी, शेवटच्या शितापर्यंत, आणि हात धुतले.

दोन घासांनी उद्याचा आकडा हलणार नाही, एवढं मला कळतं. उद्या हात येईल की नाही, माहीत नाही. मी माझ्या ताटात भात जास्त घेणार आहे.